भावकी, सोयरे आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या

बायपासच्या आधी एक फॉर्म भरून घेतात. वय, वजन, साखर, बीपी, तंबाखू, आणि मग तो ठरलेला प्रश्न : "घरात आणखी कुणाला हार्टचा त्रास?" जुन्नर-आंबेगावकडची माणसं या प्रश्नाला काय उत्तर देतात हे मी आजवर चार-पाच वेळा तरी शेजारी उभं राहून ऐकलंय. वडील, चुलते, आजोबा, चुलत आजोबा एवढ्यांची उजळणी होते. "थोरल्या चुलत्याला होता" किंवा "नाय, आमच्या घरात कुणालाच नव्हता." संपलं. आई कशाने गेली, मामाला काय झालं, मावशीच्या पोराला चाळिशीच्या आत स्टेंट बसला, हे कुणी सांगत नाही. यात लपवाछपवी अजिबात नसते. "घर" म्हटलं की ही माणसं त्यात येतच नाहीत, इतकं साधं आहे ते.

आमच्या मामांच्या वेळी अगदी असंच झालं. मामा नारायणगावच्या बाजूचे, तेव्हा वय ५४, सडपातळ, माळकरी, सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारे. तीन ब्लॉकेज निघाले. मामींनी सांगितलं, "यांच्या घरात कुणाला नाही." आता मामांची आई, म्हणजे माझी आजी, ४९व्या वर्षी "छातीत गॅस धरून" गेली हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण आजी पडली घोडेगावकडची. लग्न होऊन या घरात आली, हे तिचं घर झालं, तरी तिचं रक्त मात्र कुणी या घरात धरलं नाही.

गेली दोन वर्षं या गोष्टीच्या मागे लागून जे वाचलं, विचारलं, ते इथे लिहून ठेवतोय. नातेवाईकांनी जरा शेवटपर्यंत वाचावं ही विनंती, कारण शेवटी थोडं त्यांचंही काम आहे.

आमची वंशावळ नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आहे. गाव सांगायचं, आडनाव सांगायचं, की गुरुजी बरोबर ती वही काढतात. खापरपणजोबांची नोंद मोडीत आहे. प्रत्येक पुरुषाचं नाव, त्याच्या भावांची नावं, मुलांची नावं. काही नोंदींत बायकोचंही नाव आहे, तिचं माहेर मात्र आमच्या पानांवर कुठेच नाही. मुलगी लग्न होऊन गेली की वहीतून गेली. सुतकाचा हिशोबही तसाच. आमच्याकडे चुलत चुलत भाऊ, ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही, तो गेला तरी दहा दिवस. आणि दिलेली सख्खी बहीण गेली तर तीन. भावकी वेगळी आणि सोयरे वेगळे. जमिनीच्या वाटणीसाठी ही व्यवस्था चोख आहे. सातबाऱ्यावर कोण येणार हे तिच्यावरून एका दमात कळतं. रोगाच्या वाटणीला मात्र ती निम्मी आंधळी आहे.

गंमत म्हणजे आपल्या शास्त्रकारांना हे अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवर "मिताक्षरा" ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर साधारण नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होऊन गेला. "सपिंड" म्हणजे कोण, याचा अर्थ लावताना तो पिंड म्हणजे श्राद्धाचा भाताचा गोळा असं धरत नाही. पिंड म्हणजे शरीर, शरीराचे अवयव, असं धरतो. बापाच्या शरीराचे अंश मुलात येतात तसे आईच्याही शरीराचे येतात, म्हणून आईचे वडील, मामा, मावशी हेही सपिंडच, असं तो स्पष्ट म्हणतो. बंगालकडच्या जीमूतवाहनाने मात्र पिंडाचा अर्थ श्राद्धाशी जोडला. आपल्या पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या वादाची सविस्तर चर्चा आहे. आता विज्ञानेश्वर पुढे जाऊन लग्नासाठी बापाकडून सात पिढ्या आणि आईकडून पाचच मोजतो, पण ती मुळातली याज्ञवल्क्याचीच मर्यादा. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने त्या पाच आणि तीनवर आणल्या. म्हणजे आई मोजायची, पण थोडी कमी. असो.

शरीराचे अंश दोन्हीकडून सारखेच येतात हे हृदयाच्या बाबतीत दिसायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९३८ साली नॉर्वेतले डॉक्टर कार्ल म्युलर यांनी काही कुटुंबांची हकिगत मांडली. या लोकांच्या टाचेमागच्या शिरेवर, हाताच्या बोटांच्या सांध्यांवर, डोळ्यांच्या पापण्यांवर पिवळट गाठी, रक्तात कोलेस्टेरॉल भरपूर, आणि छातीत कळा येऊन लवकर मृत्यू. तीनही गोष्टी एकाच कुटुंबात एकत्र फिरत होत्या. पुढे १९६४मध्ये बैरूतच्या खचदुरियन या डॉक्टरांनी लेबनॉनमधली कुटुंबं तपासली. तिथे नात्यातली लग्नं बरीच. त्यांना एकाच घरात तीन तऱ्हेची माणसं दिसली : निरोगी, कोलेस्टेरॉल दुप्पट असलेली, आणि चौपट असलेली. दोष एका पालकाकडून आला तर दुप्पट, दोघांकडून आला तर चौपट. चौपटवाली मुलं विशीच्या आतच हृदयविकाराने जात.

का, ते अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या जोडीने शोधलं. अशा रुग्णांच्या कातडीतल्या पेशी त्यांनी काचेच्या बशीत वाढवल्या आणि १९७३-७४च्या सुमारास त्यांना कळलं की निरोगी पेशीच्या अंगावर एलडीएल नावाचं वाईट कोलेस्टेरॉल पकडून आत ओढणारा एक आकडा असतो (त्याला ते रिसेप्टर म्हणतात), तो या मुलांच्या पेशींवर नाही. यकृताने कोलेस्टेरॉल उचललंच नाही तर ते रक्तात फिरत राहणार आणि रक्तवाहिनीच्या अस्तरात मुरणार. या दोघांना १९८५चं नोबेल मिळालं. त्या आकड्याचं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. बाई-पुरुष ठरवणारं हे गुणसूत्र नव्हे, म्हणून ते आईकडून यायची शक्यता जेवढी, तेवढीच बापाकडून. आणि मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्याला पन्नास टक्के. नाणेफेक.

हा दोष दुर्मीळ वाटतो, पण नाही. एकेरी दोष साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो असं आज जगभर धरलं जातं. २०११च्या जनगणनेत जुन्नर आणि आंबेगाव मिळून सहा लाखांहून जास्त लोक होते. जगाचंच प्रमाण आपल्याकडे लावलं तर दोन तालुक्यांत अडीच हजारांच्या आसपास माणसं झाली. हा माझा त्रैराशिकाचा हिशोब, कुणी मोजलेला आकडा नव्हे. पण यातल्या किती जणांना हे माहीत आहे असं विचारलं तर मला हाताची बोटंही पुरून उरतील असं वाटतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. टेस्टर आशावैद यांच्या प्रयोगशाळेने भारतीय कुटुंबांतले या जनुकातले बदल शोधले, तेव्हा त्यात आपल्याकडचे वेगळे, आधी न नोंदलेले बदलही सापडले. म्हणजे आपल्याकडे नाही असं नाही. आपण विचारत नाही.

आता सोयरिकीकडे वळतो, कारण आपल्या भागात ही गोष्ट इथे जास्त गुंतागुंतीची होते. इरावती कर्व्यांनी १९५३च्या त्यांच्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राची एक खासियत नोंदवली आहे : उत्तरेत मामाची मुलगी म्हणजे बहीण, दक्षिणेत ती हक्काची नवरी, आणि आपण मधले. आपल्याकडच्या अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी करायची नाही. "मामाची पोरगी हक्काची" हे आपण लग्नघरात थट्टेत म्हणतो, पण ती थट्टा पिढ्यानपिढ्या खरी होत आलेली आहे. डेक्कन कॉलेजात बसून कर्वे आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी नंतर महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांचे आठ गट घेतले, मोजमापं आणि रक्तगट तपासले, आणि १९६८मध्ये दाखवलं की बाहेरून एकसारखे दिसणारे, एकाच दर्जाचे गटही शरीराने वेगळे आहेत, कारण लग्नं गटाच्या आतच होत आली. २०१७मध्ये हैदराबाद आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी हेच डीएनएवरून मोठ्या प्रमाणावर मांडलं. दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गट असे निघाले की त्यांच्यातले आजचे लोक फार थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आहेत, फिनलंडच्या लोकांपेक्षाही थोड्या. अशा गटात एखाद्या पूर्वजाकडे दोष असला तर तो पसरतो आणि दोन्ही बाजूंनी भेटायची शक्यता वाढते. (त्यात आपली जात आहे का, हा तुमचा पुढचा प्रश्न मला दिसतोय. तो निबंध जातीजातींची मापं काढायला लिहिलेला नाही, मीही काढत नाही.)

आमच्या घरी पाच पिढ्यांच्या सुना मोजल्या. ओतूर, बेल्हे, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, पुन्हा नारायणगाव. सगळं पंचवीस मैलांत. बैलगाडीने एका दिवसात वऱ्हाड जाऊन पोचलं पाहिजे, हा नियम असावा!

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सगळं जनुकातच आहे तर. तसं मुळीच नाही, आणि हेही आपल्याकडच्याच कामातून दिसतं. १९५९मध्ये सिंगापूरमधल्या शवविच्छेदनांच्या नोंदींवरून दानराज यांनी दाखवलं की तिथल्या भारतीयांत हृदयविकार चिन्यांच्या सातपट. लगेच "भारतीय रक्तातच आहे" असं म्हणायला लोक मोकळे. पण पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय विभागातले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७मध्ये देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी मांडल्या, तेव्हा भारतातल्या भारतातच दक्षिणेत हे मृत्यू उत्तरेच्या सातपट निघाले, आणि तूप-दूध तर उत्तरेकडचे कितीतरी जास्त खात होते. एकाच "रक्ताचं" हे स्पष्टीकरण तिथेच डळमळतं. पुढे २००७मध्ये नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातल्या हार्ट ॲटॅकच्या रुग्णांची तुलना बाकी जगाशी केली. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी, इतरत्र जवळजवळ ५९व्या. पण या सहा वर्षांच्या फरकाचं कारण त्यांना बहुतांशी नेहमीच्या गोष्टींतच सापडलं : तंबाखू, साखर, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, व्यायामाचा अभाव. त्याच गोष्टी, फक्त लहान वयात आलेल्या.

आपल्या भागात त्या कशा आल्या हे वेगळं सांगायला नको. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे : कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, कालवे आले, बाजरीच्या जागी ऊस आला, दोन्ही तालुक्यांत साखर कारखाने आले. ज्या आजोबांनी जुन्नरचा बाजार पायी केला त्यांचा नातू बांधापर्यंत मोटारसायकलने जातो. त्या पाण्याने पोरं शिकली, मीही त्यातलाच, तेव्हा मी कालव्याला नावं ठेवणार नाही. जनुकं दोन पिढ्यांत बदलत नाहीत. पण जी बंदूक आजोबांच्या काळात भिंतीवर टांगलेली होती ती नातवाच्या हातात आली, एवढं म्हणता येईल. आणि उलटही खरं : जुन्या काळी सगळं निरोगी होतं हा भ्रम आहे. १९९१मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस चाळिशी-पंचेचाळिशीचा होता. ना साखर, ना खुर्ची, डोंगर चढणारा गडी. तरी त्याच्या रक्तवाहिन्यांत चुना साठलेला होता, आणि २०१२मध्ये त्याचा जीनोम वाचला तेव्हा त्यात हृदयविकाराकडे झुकवणारी जनुकं निघाली. आपल्याकडे "अचानक गेला", "भूतबाधा झाली", "गॅस धरला" म्हणून गेलेल्यांत असे किती असतील, कोण जाणे.

आईकडून येतं ते फक्त जनुकही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण या हडकुळ्या बाळांच्या अंगावर मांस कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून. "बारीक-लठ्ठ" बाळ. याज्ञिकांनी स्वतःचं आणि लंडनच्या युडकिन या मित्राचं उदाहरण २००४मध्ये "लॅन्सेट"मध्ये छापलं : दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के आणि युडकिनच्या ९.१. या अभ्यासातल्या आया शेतात राबणाऱ्या होत्या, आणि ज्यांची मेहनत जास्त त्यांची बाळं लहान. दोनतृतीयांश बायकांत बी-१२ कमी होतं. आईच्या पोटात असताना जे मिळालं नाही त्याचा हिशोब मूल पुढे शरीरात मांडतं. आमच्या आजीने सहा बाळंतपणं काढली आणि प्रत्येक वेळी आठव्या महिन्यापर्यंत खुरपणीला गेली. हे तिच्या सुनांना आठवतं. कुठल्या फॉर्मवर याला रकाना नाही.

बायपासबद्दल आपल्याकडे एक समज आहे की "आता नवीन पाइप टाकलेत, पुढची वीस वर्षं बघायला नको." अर्जेंटिनाचे रेने फवालोरो यांनी १९६७मध्ये क्लीव्हलंडला पायाची शीर वापरून ही शस्त्रक्रिया रुळवली, भारतात १९७५मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिली केली, आणि तिने लाखो माणसं वाचवली यात शंका नाही. पण नळ बदलले तरी पाणी तेच राहतं. छातीच्या आतली धमनी वापरली तर दहा वर्षांनंतरही दहातल्या नऊ चालू असतात. पायाच्या शिरेतल्या मात्र जवळजवळ निम्म्या तोवर बंद किंवा खराब होतात. खुद्द डॉ. नितू मांडके, ज्यांनी एवढ्या लोकांची हृदयं दुरुस्त केली, २००३मध्ये हार्ट ॲटॅकने गेले. त्यावर "डॉक्टरच गेला, मग आपण पथ्य कशाला" हा आमच्या एका चुलत्यांचा आवडता युक्तिवाद आहे. त्यांना मी एवढंच सांगतो की २०१६मध्ये पन्नास हजारांवर लोकांच्या नोंदी तपासून असं दिसलं, की जनुकांचा धोका सगळ्यात जास्त असलेल्यांतही जे सिगारेट ओढत नाहीत, चालतात, नीट खातात, वजन आवरतात, त्यांचा धोका तसं न करणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्मा होता. आणि घराण्यातल्या कोलेस्टेरॉलवर तर गोळी आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७३मध्ये बुरशीतून पहिलं स्टॅटिन शोधलं. १९८७पासून अशा गोळ्या बाजारात आहेत, आणि आता आपल्या मंचर-नारायणगावच्या दुकानांतही मिळतात. "त्याने लिव्हर जातं" असे मोबाइलवरचे निरोप पाठवणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

तर आता घरचं. ज्यांचे आकडे देतोय त्यांना विचारून देतोय. वहीत नसलेली अशी एक वंशावळ मी काढली, आजीपासून खाली, मुलींसकट. आजी ४९ला गेली. तिचा घोडेगावचा सख्खा भाऊ ५२ला, शेतात. मामांची बायपास ५४ला. गोळ्या सुरू व्हायच्या आधीचा जुना रिपोर्ट कपाटात सापडला, एलडीएल २२४. मोठ्या माणसात १९०च्या वर गेलं की या दोषाची शंका घ्यावी असं म्हणतात. धाकट्या मावशीला ५८ला स्टेंट. माझ्या आईचं १९६, तिला काहीही त्रास नाही. माझं १०४, म्हणजे माझं नाणं बरं पडलं.

भावाचं पडलं नाही. त्याचं १९८. आणि आमच्या वहिनी म्हणजे मामांची मोठी मुलगी. तिचं २०९.

हे कळल्यावर आमच्या घरात आठवडाभर कुणी नीट जेवलं नाही. खचदुरियनांच्या हिशोबाने त्यांच्या प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता चौपटीची, चारात दोन एकेरी दोषाची, आणि चारात एक सुटण्याची. दोघं मुलं, थोरला नऊचा, धाकटी सहाची. चौपटवाल्या मुलांत आकडा बहुतेक चारशेच्या वर असतो. थोरल्याचा २०५ आला, धाकटीचा ९२. थोरल्याला पुण्याच्या डॉक्टरांनी कमी मात्रेची गोळी सुरू केलीय, वर्षातून दोनदा तपासणी. तो क्रिकेट खेळतो, ते खेळायचंच आहे. जनुकाची तपासणी भाऊ-वहिनींची दिली आहे, रिपोर्ट यायचा आहे.

भावकीने घाबरायचं कारण नाही, हा दोष आमच्या वडिलांकडचा नव्हेच. पण आजीच्या अकरा नातवंडांपैकी सात जणांनीच रक्त दिलंय. उरलेले चौघे : मामांचा मुलगा, मावशीचे दोघे आणि मोठ्या मावशीची चाकणला दिलेली मुलगी. घोडेगावकडच्या आजोबांच्या घरी तर अजून कुणाशी बोलणंच झालेलं नाही. तिकडे दिवाळीनंतर मी आणि मामा जाणार आहोत. लिपिड प्रोफाइल कुठल्याही लॅबमध्ये होतं. लायपोप्रोटीन-ए नावाची आणखी एक तपासणी आहे, तीही बरीचशी आनुवंशिकच, आयुष्यात एकदा केली तरी पुरते. जमलं तर त्याच वेळी करून घ्या. मुलांची दहा वर्षांच्या आत करा. आकडे मला फोनवर कळवा, मी तक्त्यात भरतो.